द्राक्षांना शेकोटी, माणसाला गार पाणी



आज पहाटे पाचला बागेतल्या तापमापकावर ६ अंश होते. परवा ५ होते. निफाड तालुक्यात राहणाऱ्याला यात नवीन काही नाही. डिसेंबर-जानेवारी आला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा रोज पेपरात येतो, आणि पुण्या-मुंबईचे पाहुणे फोन करून "काय मग, काश्मीर झालं म्हणे तुमचं" असं विचारतात. आपण हसतो. मग फोन ठेवून बागेत शेकोट्या पेटवायला जातो.

गेल्या आठवड्यात मी इथं एक फोटो टाकला होता. शेडच्या मागं बांधलेली नवी न्हाणी, पत्र्यावर पसरलेलं काळ्या नळीचं वेटोळं आणि बाजूला पेटता बंब. खाली एवढंच लिहिलं होतं, "मजुरांच्या आंघोळीसाठी गरम पाण्याची सोय केली." त्यावर जे फोन आले, चहाच्या टपरीवर जी टिंगल झाली, त्याला एकदाच सविस्तर उत्तर द्यावं म्हणून आज हे लिहितोय. लांबलंय. बंब तापेपर्यंत वाचून होईल.

टिंगलीचा सारांश असा. "गड्यांना गरम पाणी देतो, उद्या ते एसी मागतील." "आम्ही आयुष्यभर गार पाण्यानं आंघोळ केली, काय झालं आम्हाला?" "थंड पाण्यानं माणूस कणखर होतो, व्हॉट्सॲपवर आलंय." आणि एक जवळचा माणूस म्हणाला, "भाऊ, हे तुझं दाखवायचं काम आहे."

शेवटच्यापासून सुरू करतो, कारण तो आरोप मला लागला.

गेल्या वर्षीची गोष्ट

गेल्या डिसेंबरात आमच्याकडं सुरगाण्याकडची टोळी थिनिंग-डिपिंगला होती. नऊ माणसं, त्यात चार बाया. दरवर्षी येणारीच. त्यातले एक मामा, वयानं पन्नाशीचे, फवारणीच्या कामाला पक्के. थ्रिप्सची फवारणी होती. ट्रॅक्टरचा ब्लोअर जिथं वळत नाही त्या कडेच्या ओळी एचटीपीच्या गननं माराव्या लागतात. त्या मामांनी मारल्या. संध्याकाळी साडेपाच-पावणेसहाला काम संपलं. वारं उलटं होतं, सदरा ओला झालेला.

मी म्हणालो, "मामा, आंघोळ करून घ्या." साबण दिला. पाणी टाकीत होतं. आणि मी घरी गेलो.

मामांनी टाकीच्या पाण्यात हात घातला आणि काढून घेतला. हात-पाय-तोंड धुतलं, भाकरी खाल्ली, त्याच सदऱ्यावर गोधडी ओढून झोपले. रात्री अकराला त्यांचा पोरगा धावत आला. मामांना उलट्या, दरदरून घाम, तोंडाला लाळ, बोलणं अडखळतंय. गाडीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली आणि पहिलाच प्रश्न मला विचारला, "फवारणीनंतर आंघोळ घातली होती का? कपडे हेच होते का?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मामा वाचले. पाच दिवसांनी घरी आले. यंदाही आलेत, आत्ता मागच्या ओळीत काम करताहेत. पण त्या रात्री मी दवाखान्यातून अडीचला परत आलो तेव्हा बागेत काय चालू होतं ते सांगतो. सहा शेकोट्या. माझ्या सांगण्यावरून माझ्याच चुलतभावानं पेटवलेल्या. अंदाजे दीड क्विंटल बाभळीचं लाकूड. मण्यांना गारठा लागू नये, मणी तडकू नयेत, फुगवण थांबू नये म्हणून. चारला ड्रिप सुरू करायचं होतं, विहिरीचं कोमट पाणी मुळांना मिळावं म्हणून.

द्राक्षाच्या वेलीला गारठा लागतो, तिच्या मुळाला कोमट पाणी पाहिजे, हे मला कळत होतं. माणसाच्या अंगाला तेच पाहिजे, हे कळत नव्हतं. साबण होता, पाणी होतं, सल्लाही दिला होता. फक्त ते पाणी अंगावर घेता येण्याजोगं नव्हतं.

तेव्हा दाखवायचं काम म्हणणाऱ्याला सांगतो, होय, दाखवायचंच आहे. माझी चूक दाखवायची आहे.

हा लाडाचा प्रश्न नाही, औषधाचा आहे

२०१७ साली यवतमाळला काय झालं ते आपण सगळ्यांनी वाचलंय. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्यानंतर हातमोजे, मास्क, चष्मा यांवर पुष्कळ बोललं गेलं, आणि ते बरोबरच आहे. पण औषध नाका-तोंडातूनच जातं असं नाही, कातडीतूनही जातं. जितका वेळ अंगावर, जितका वेळ ओल्या सदऱ्यात, तितकं जास्त. म्हणून फवारणी संपली की कपडे बदलायचे आणि साबणानं भरपूर पाण्यात आंघोळ करायची, हे औषधाच्या माहितीपत्रकावर बारीक अक्षरात छापलेलं असतं.

आता मला सांगा, १० अंशांच्या गारठ्यात, उघड्यावर, रात्रभर थंड झालेल्या टाकीच्या पाण्यानं, दिवसभर राबलेला माणूस साबण लावून दहा मिनिटं आंघोळ करेल का? तुम्ही कराल? मी नाही करणार. तो हात-पाय धुणार आणि शेकोटीला बसणार. ओल्या सदऱ्यासकट.

ऑक्टोबर छाटणीनंतर काडीला पेस्ट लावणाऱ्यांचं तेच. हायड्रोजन सायनामाइड कातडी जाळतं, आणि ते लावल्यावर दारूला स्पर्श करायचा नाही हे सगळ्यांना माहीत आहे. तिथंही काम झाल्यावर अंग धुणं हाच पहिला उपाय.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पाणी कोमट पाहिजे, कढत नको. कढत पाण्यानं कातडी लाल होते, आणि खसाखसा घासलं तर औषध आत जायला वाटच मिळते. अंगाला सोसेल असं कोमट पाणी, साबण, हलका हात. बस.

युरोपात माल पाठवणाऱ्यांनी तर हे जास्तच ऐकावं. आपल्या मण्यावर कुठल्या औषधाचा किती अंश राहिला हे आपण प्रयोगशाळेत तपासून घेतो. अपेडाच्या ग्रेपनेटवर प्लॉटची नोंद असते. २०१० साली एका संजीवकाच्या अंशामुळं कंटेनर अडकले तेव्हा सगळा नाशिक जिल्हा हादरला होता. तेव्हापासून फवारणी ते काढणी किती दिवस ठेवायचे हे आपल्याला तोंडपाठ झालं. मण्यावरचा अंश आपण इतक्या बारकाईनं मोजतो. ज्यानं फवारलं त्याच्या पाठीवर किती राहिलं हे कोण मोजतं? ग्लोबलगॅपच्या तपासणीला माणूस येणार म्हटलं की हात धुण्याचं बेसिन चकचकीत होतं, वर पाटी लागते, साबण नवा येतो. तो गेला की साबण पुन्हा कपाटात. मी स्वतः हे केलंय, म्हणून छातीठोक सांगतो.

"आम्ही गार पाण्यानंच वाढलो"

नाही वाढलो. हे साफ खोटं आहे आणि आपल्या आज्या असत्या तर त्यांनी कानाखाली वाजवली असती.

आमच्या घरी तांब्याचा बंब होता. थंडीत पहाटे आजी उठायची, बंबात गोवऱ्या आणि धलप्या घालायची. घंगाळात कढत पाणी, त्यात विसण घालून तांब्या-तांब्यानं आंघोळ. दिवाळीत उटणं. न्हाणीच्या भिंतीला धुराचा वास असायचा. नळाचं घर झालं, गिझर आला आणि तो बंब आम्ही मोडीत घातला, तांब्याच्या वजनावर. आजही त्याची लाज वाटते.

गडीमाणसं कुठं आंघोळ करायची? विहिरीवर. मोटेच्या थारोळ्यात, नंतर मोटारीच्या पाइपाखाली. आणि तिथं पाणी गार नसायचं! थंडीत पहाटे विहिरीवर वाफ दिसते ती कशाची? जमिनीतलं पाणी वर्षभर साधारण सारख्याच तापमानाला असतं. आपल्याकडं २४-२५ अंश धरा. बाहेर ६ अंश असताना ते हाताला गरम लागतं. म्हणून तर आपण पहाटे बागेला तेच पाणी देतो.

मग गार पाणी आलं कुठून? आपण आणलं. विहिरीचं, बोरचं कोमट पाणी संध्याकाळी उचलून प्लॅस्टिकच्या टाकीत भरलं, टाकी उंच उघड्यावर ठेवली, रात्रभर वाऱ्यात गारठवली आणि सकाळी त्या १०-१२ अंशांच्या पाण्याखाली माणूस उभा केला. वर म्हणतो, परंपरा आहे.

आणि कणखरपणाचं प्रवचन देणाऱ्या एकेकाच्या बाथरूममध्ये मी जाऊन आलोय. प्रत्येकाच्या भिंतीवर गिझर आहे. थंड पाण्याचे फायदे गरम पाण्यानं आंघोळ करून सांगायचे असतात वाटतं. ज्याला आवडतं त्यानं खुशाल गार पाणी घ्यावं. पण त्याच्या हातात दोन्ही नळ असतात. मामांच्या हातात एकच होता.

बायांचं तर बोलूच नका

पुरुष माणूस निदान दुपारी उन्हात मोटारीखाली अंग धुऊन घेतो. बाई काय करणार? शेजारच्या शिवारात ऊसतोडीची टोळी उतरली आहे. कोप्यांच्या मागं चार बांबू, त्याला जुन्या साड्या गुंडाळलेल्या. ती न्हाणी. उजेडात तिथं आंघोळ करता येत नाही, म्हणून बाया पहाटे साडेतीन-चारला उठतात. म्हणजे ऐन गारठ्याच्या वेळी. पाळीच्या दिवसांत, अंगावरचं पोर असताना, बाळंतपणानंतर महिना-दोन महिन्यांत कामावर आलेल्या असताना. पाणी तापवायचं तर तीनलाच तीन दगडांची चूल पेटवायची. आणि सहाला कोयता हातात.

म्हणून माझं म्हणणं आहे, आधी आडोसा, मग गरम पाणी. चार पक्क्या भिंती आणि आतून लागणारी कडी असली तर बाई संध्याकाळी कामावरून आल्या आल्या, उन्हानं तापलेलं पाणी घेऊन आंघोळ करू शकते. पहाटेचा अंधार गाठायची गरजच उरत नाही. हे मला माझ्या डोक्यातून सुचलं नाही. टोळीतल्या मावशींनी सांगितलं. मी आधी फक्त नळ बसवणार होतो. त्या म्हणाल्या, "भाऊ, नळ नंतर द्या, आधी दार द्या."

हिशोब

आता "खर्च कोण करणार" म्हणणाऱ्यांसाठी. मी शेतकरी आहे, हिशोबाशिवाय बोलत नाही.

एका माणसाला २० लिटरची एक बादली. टाकीतलं पाणी १२ अंश, आंघोळीला ४० अंश पाहिजे. म्हणजे २८ अंश वाढवायचे. याला विजेचं साधारण ०.६५ युनिट लागतं. तेच पाणी बोरमधून थेट २४ अंशांवर घेतलं तर १६ अंशच वाढवायचे, ०.३७ युनिट. म्हणजे पाणी रात्री गार होऊ दिलं नाही, एवढ्यानंच चाळीस टक्क्यांहून जास्त जळण वाचतं. एक पैसा खर्च न करता. टाकीला गोणपाट-पेंढा गुंडाळला तरी फरक पडतो, आणि मोटार चालू असताना ड्रम भरून झाकून ठेवला तर अजून.

वीज? शेतात कृषी फीडरवर आठ तास, कधी दिवसा कधी रात्री. सिंगल फेज वस्तीपर्यंत आहे, मळ्यात नाही. त्यामुळं गिझर विसरा. आणि कृपा करून तो जुगाड करू नका, स्टार्टरमधून एक फेज काढायची, अर्थिंगवर परतीचा करंट सोडायचा आणि लोखंडी बादलीत हिटरची कांडी टाकायची. ओली जमीन, अनवाणी माणूस, उघड्या वायरी. माणूस जागेवर जातो. ज्याच्याकडं रीतसर सिंगल फेज आहे त्यानंही ईएलसीबी लावल्याशिवाय न्हाणीत वीज आणू नये.

गॅस? गॅसच्या शेगडीवर एका बादलीला साधारण ८५ ग्रॅम. १४.२ किलोच्या टाकीत १६५ बादल्या. दहा माणसांना सोळा-सतरा दिवस. परवडत नाही असं नाही, पण रोज बादल्या उचलणं आलं. गॅस गिझर लावणार असाल तर बंद खोलीत नको. त्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो आणि माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतो. रात्री झोपायच्या शेडमध्ये पेटती शेगडी ठेवण्यातही तोच धोका आहे.

लाकूड? तीन दगडांच्या चुलीत बहुतेक उष्णता हवेत जाते. एका बादलीला सव्वा ते दीड किलो लाकूड. दहा माणसांना तेरा-चौदा किलो. बंबात मधून नळकांडं जातं, चारी बाजूंनी पाणी, त्यामुळं तेच काम कमी जळणात होतं. मी काट्यावर वजन करून पाहिलं, दहा बादल्यांना पाच-साडेपाच किलो. त्या रात्री मी सहा शेकोट्यांत जाळलेल्या दीड क्विंटल लाकडात बंबावर पावणेतीनशे माणसांची आंघोळ झाली असती.

मी काय केलं

१. न्हाणी. चार बाय सहा फूट, विटांच्या भिंती साडेसहा फूट, वर थोडं उघडं म्हणजे धूर-वाफ कोंडत नाही. खाली शहाबादी फरशी, खरबरीत बाजू वर, पाय घसरू नये म्हणून. दाराला आतून कडी. कपडे टांगायला दोन खुंट्या, एक फवारणीच्या कपड्यांची बाहेर आणि एक चांगल्या कपड्यांची आत. हे महत्त्वाचं आहे.

२. संध्याकाळचं पाणी. १६ मिलिमीटरची साधी काळी लॅटरल, ड्रिपर नसलेली, ४०० मीटरचं बंडल. यात साधारण ६० लिटर पाणी मावतं. बंडल गठ्ठ्यातच ठेवलं तर आतलं तापत नाही, म्हणून शेडच्या पत्र्यावर चकलीसारखं पसरून तारेनं बांधलं. वरच्या टाकीतून पाणी आत येतं, दुसऱ्या टोकाला कॉक. डिसेंबरच्या उन्हात दुपारी अडीच-तीनला पाणी ४५ अंशांच्या वर मिळतं. ऊन उतरलं की ते भराभर थंड होतं, त्यामुळं साडेतीनला कॉक उघडून खालच्या ड्रममध्ये उतरवायचं. ड्रमभोवती लाकडी खोकं, मध्ये भाताचं तूस ठासून भरलं. सहापर्यंत अंगाला चांगलं लागेल इतकं राहतं. यात २४ अंशांच्या पाण्याचं विसण घातलं की पाच बादल्या होतात. मी दोन बंडलं लावली, दहा माणसांचं भागतं.

३. सकाळचं आणि ढगाळ दिवसाचं पाणी. त्याला बंब. तांब्याचा परवडला नाही, लोखंडी घेतला. वरून नरसाळ्यात गार पाणी ओतलं की तितकंच गरम पाणी तोटीतून बाहेर येतं, हे तंत्र आजीच्या काळचंच. अवकाळीच्या दिवसांत सोलर झोपतं, तेव्हा हाच मदतीला येतो. सोलरवाले हे सांगत नाहीत.

४. फवारा. वर साधा शॉवर बसवला. तांब्यानं आंघोळ केली तरी चालते, पण डोक्यावरून धार असली की दोन्ही हात साबणाला मोकळे राहतात, पाठही धुतली जाते. पण पहिल्यांदा माझं चुकलं. गरम पाण्याचा ड्रम खाली आणि गार पाण्याची टाकी वर होती, त्यामुळं गार पाणी जोर करून गरमच्या लाइनीत घुसायचं. मग शॉवरसाठी एक छोटी पिंपवजा टाकी भिंतीवर ठेवली. त्यात गरम पाणी टाकायचं, विसण घालायचं, हात घालून बघायचं आणि मग कॉक उघडायचा. कोणी भाजत नाही. गरम पाण्याच्या लाइनीला सीपीव्हीसी किंवा जीआय वापरा, साधा पीव्हीसी मऊ पडतो.

५. सांडपाणी. फवारणीनंतरचं पाणी विहिरीकडं किंवा भाजीच्या वाफ्यात जाऊ देऊ नका. विहिरीपासून लांब, उताराच्या बाजूला शोषखड्डा घेतला.

दोन गोष्टी मात्र अजिबात करू नका. औषधाचा रिकामा ड्रम धुऊन आंघोळीला वापरू नका, कितीही धुतला तरी. आणि बागेतून काढलेली जुनी लॅटरल, जिच्यातून वर्षानुवर्षं खतं, ॲसिड गेलंय, ती आंघोळीच्या पाण्याला लावू नका. बंबात द्राक्षाच्या छाटणीच्या काड्याही मी घालत नाही. वर्षभर औषध प्यायलेली काडी, तिचा धूर नको. बाभूळ, सुबाभूळ, तुराट्या वापरतो.

एकूण खर्च मजुरीसकट बावीस हजारांच्या आसपास. माझ्या एका एकराच्या हंगामातल्या औषधांच्या बिलाचा पाचवा हिस्साही नाही. आणि न्हाणी एका हंगामापुरती नाही. "आठवडाभर तर राहतात" म्हणणाऱ्यांनी मोजावं. छाटणी, थिनिंग-डिपिंग, काढणी. टोळ्या बदलतात, पण शेड वर्षातले तीन-चार महिने भरलेलं असतं.

यानं सगळं सुटत नाही

मला माहीत आहे. गरम पाणी म्हणजे हातमोजे नव्हेत, मास्क नव्हे. उलट्या वाऱ्यात फवारणी करायला लावायची आणि मग कोमट पाणी द्यायचं, हा काही न्याय नाही. यंदा वारं फिरलं की गन बंद, असा नियम केलाय. मजुरीचा प्रश्न वेगळा आहे, त्यांच्या पोरांच्या शाळेचा वेगळा. द्राक्षाला भाव मिळत नाही तेव्हा आपल्याच घरात गॅसची टाकी पुरवून वापरली जाते हेही खरं. लहान शेतकरी स्वतःच फवारतो आणि स्वतःच गार पाण्यानं हात धुऊन जेवायला बसतो. हे त्याच्यासाठीही लिहितोय. न्हाणी मजुरांची म्हटली तरी फवारणी झाली की मी स्वतः तिथंच आंघोळ करतो. घरात औषधाचे कपडे नेत नाही. आईनं आणि बायकोनं त्याबद्दल पहिल्यांदाच माझं कौतुक केलं.

ज्याला बावीस हजार जमत नाहीत त्यानं फक्त एवढं करावं. फवारणीच्या दिवशी दुपारीच एक काळा ड्रम उन्हात ठेवावा, नवा, औषधाचा नव्हे. संध्याकाळी चुलीवर एक पातेलं पाणी ठेवावं. दोन्ही मिळून दोन बादल्या कोमट पाणी. आणि पाणी तयार आहे हे सांगून घरी निघून जाऊ नये. आंघोळ होईपर्यंत थांबावं. मी थांबलो असतो तर मामांचे ते पाच दिवस वाचले असते.

परवा मामांनी कडेच्या ओळी मारल्या. काम संपल्यावर न्हाणीत गेले. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. बाहेर आले, डोक्याला पंचा गुंडाळलेला. म्हणाले, "भाऊ, पाणी थोडं जास्तच गरम होतं. उद्या विसण वाढवा."

वाढवलंय.

आज रात्री पुन्हा पारा उतरणार असं दिसतंय. शेकोट्या पेटवाच, चारला ड्रिपही सोडा. पण त्याआधी शेडच्या मागं एक चक्कर मारून या आणि टाकीच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून बघा. एक मिनिट ठेवा. मग मला फोन करा आणि सांगा की मजुरांचे लाड होताहेत.

राम राम.